काळ्या दगडाचे केस

निरंजन,

आधी माफी मागतो. तुझ्याबद्दल लिहायचा हक्क ज्यांना आहे त्यांच्या रांगेत मी अगदी शेवटी उभा आहे. तुझ्या आईनं, काकूंनी, तुझ्या आठवणींची वही करायला घेतली आहे आणि ड्रेस्डेनमधल्या आपल्या सगळ्यांकडून दोन-दोन पानं मागितली आहेत. बाकीच्यांची कधीच गेली. माझी राहिली. मी तीनदा बसलो आणि तीनदा ‘निरंजन हुशार होता, सगळ्यांना मदत करायचा’ असं लिहून कागद फाडला. त्यात खोटं काही नव्हतं. पण लिहिताना माझे दात आवळले जात होते, आणि गेलेल्या माणसाबद्दल दात आवळून चांगलं लिहू नये असं मला वाटतं.

माफीचं दुसरं कारण जास्त अवघड आहे. मी आता तुझ्या टेबलावर बसतो. तुझी अर्धी राहिलेली प्रयोगांची मालिका पुरी कोण करेल असं प्राध्यापकांनी विचारलं, आणि मी हो म्हणालो. विचार करायला दोन दिवस घे म्हणाले होते, मी दोन मिनिटंही घेतली नाहीत. संशोधन सहायकाची ही जागा मला वर्षभर हवी होती. ती तुला मिळाली तेव्हा मी तुला मिठी मारून अभिनंदन केलं होतं आणि खोलीवर जाऊन जेवलो नव्हतो.

तर हे असं आहे. मला तुझा हेवा वाटायचा. काकू, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. पान वहीत घालायचं नसेल तर घालू नका.

हेवा पहिल्याच दिवशी सुरू झाला. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात तू पोळ्या भाजत होतास, मी नुकताच दोन बॅगा घेऊन आलो होतो. तू म्हणालास, “सिव्हिल? अरे वा! मी पण. माझे बाबा स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहेत, त्यामुळे मला पर्यायच नव्हता.” आणि पोळी उलटत विचारलंस, “तुझ्याकडे कोण?”

मी म्हणालो, “माझे वडील पण कन्स्ट्रक्शनमध्येच आहेत.”

“मग काय, आपण घरचेच!” तू म्हणालास आणि तव्यावरची पहिली पोळी मला दिलीस.

मी ते वाक्य पुण्याहून विमानात बसायच्या आधीच तयार करून आणलं होतं. अण्णा गवंडी आहेत. कराडच्या आसपास पस्तीस वर्षं लोकांच्या भिंती बांधतात, गिलावा करतात. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. लहानपणी कामावर गेलो की अण्णा मला विटांच्या ढिगावर वही देऊन बसवायचे आणि थापीला हात लावला तर ओरडायचे. “तुझा हात ह्यासाठी न्हाई.” म्हणून मला ना बांधता येत होतं, ना तुझ्यासारखं बांधकामाबद्दल बोलता येत होतं. सेमिनारमध्ये तू हात वर करून सरळ म्हणायचास, “हे मला कळलं नाही.” मला वाटायचं, न कळणं इतकं मोठ्यानं सांगायला तीन पिढ्या शिकलेल्या लागतात.

आणि मग ते तंतू आले. आठवतं? प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ हेर क्राउझे (‘हेर’ म्हणजे जर्मनमधलं ‘श्रीयुत’) एक पोतं घेऊन आले आणि तू त्यात हात घालून मूठभर बाहेर काढलेस. तपकिरी, सोनेरी झाक असलेले, बोटाच्या पेराएवढे कापलेले. बेसॉल्ट, म्हणजे आपल्याकडचा काळा दगड, वितळवून ओढलेला. तू ते उजेडात धरून मला मराठीत म्हणालास, “दत्ता, बघ. सह्याद्रीला केस फुटलेत.” हेर क्राउझेंनी काय म्हणालास म्हणून विचारलं, तू जर्मनमध्ये सांगितलंस, ते पोट धरून हसले. तुझं जर्मन पुण्यात शाळेपासून शिकलेलं होतं. माझं अजून ट्रामच्या थांब्यांपुरतंच होतं.

काम सांगायला सोपं होतं. सिमेंट आणि वाळूच्या मालात हे तंतू वेगवेगळ्या प्रमाणात घालायचे, त्याच्या छोट्या कांड्या ओतायच्या, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायच्या आणि मग यंत्रात मधोमध दाब देऊन मोडायच्या. साधी कांडी ‘टक्’ करते आणि दोन तुकडे होतात. तंतूवाली कांडी तडकते, पण तुकडे होत नाहीत. तड्याच्या दोन कडा तंतू धरून ठेवतात, आणि यंत्राच्या पडद्यावरची दाबाची रेघ एकदम खाली न पडता हळूहळू उतरत जाते.

पण हे सगळं तंतू सारखे पसरले तर. नाही पसरले तर त्यांचे गोळे होतात, गोळ्यात सिमेंट शिरत नाही, आणि कांडी नेमकी तिथेच मोडते. शिवाय तंतू घातले की माल ताठ होतो, भांड्याला चिकटून बसतो, आणि माणसाचा हात आपोआप पाण्याकडे जातो. माझा गेला होता. दोन चमचे. कुणी बघत नव्हतं. अठ्ठावीस दिवसांनी माझ्या तिन्ही कांड्या कमजोर निघाल्या आणि तू तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवत हळूच विचारलंस, “पाणी घातलंस का रे थोडं?”

“नाही.”

“बरं. वाळू ओली असेल.” हेर क्राउझेंना तू तेच सांगितलंस, वाळू ओली असेल. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर थांबून तिन्ही कांड्या पुन्हा ओतल्यास. तुझ्या चांगुलपणाचाही मला राग यायचा, निरंजन. तो तुला फुकट मिळाल्यासारखा होता.

त्या उन्हाळ्यापर्यंत गोळे तुझ्याही मालात व्हायचे. हे मला एवढं नीट आठवतं कारण तेवढीच आपली बरोबरी होती. मग तू तुझ्या ताईच्या लग्नाला महिनाभर पुण्याला गेलास. मी तुझ्याकडे घरचं पार्सल दिलं. अण्णांसाठी जॅकेट, आईसाठी चॉकलेटं आणि एल्बे नदीच्या पुलावर काढलेले माझे फोटो. पुन्हा पुन्हा सांगितलं, “पुण्यातून कुरिअर कर. गावापर्यंत जायचं काही कारण नाही. लांब आहे, रस्ता खराब आहे.” परत आल्यावर तू फक्त म्हणालास, “पार्सल पोचलं.” मीही जास्त विचारलं नाही.

तू आलास तो एक थापी घेऊन. जुनी, टोकाला झिजलेली, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. प्रयोगशाळेतल्या चकचकीत स्टीलच्या हत्यारांमध्ये ती ठेवलीस तेव्हा मला वाटलं, पुण्याच्या जुन्या बाजारातून उचललेली दिसते. आमच्या घरी ज्या वस्तूची मला लाज वाटते, तिचा तुला शौक. मी ती हातात घेऊनसुद्धा बघितली नाही.

आणि त्या दिवसापासून तुझ्या मालात गोळे होणं बंद झालं. तू मिक्सर लावायचाच नाहीस. कोरडं सिमेंट आणि वाळू मोठ्या परातीत पसरायचास, तंतूंचा पुंजका दोन तळव्यांत चोळून मोकळा करायचास, वरून झटका देऊन पाऊस पाडल्यासारखा टाकायचास, थापीनं पालथं करायचास, पुन्हा थोडे. पाणी सगळ्यात शेवटी. हेर क्राउझे दोन दिवस लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी जवळ आले, परातीत हात घालून माल बोटांनी विस्कटून बघितला आणि म्हणाले, “गेनाऊ! असंच. कोणी शिकवलं तुला, माइस्टर?”

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, बघ दत्ता, मला माइस्टर, म्हणजे उस्ताद, म्हणाले, असं बघतोयस. तू त्यांना म्हणालास, “भारतात एक माइस्टर आहेत.” ते म्हणाले, तुझे वडील का? तू हसलास आणि पुन्हा थापी उचललीस.

महिन्याभरात प्राध्यापकांनी तुला जागा दिली. प्रयोगशाळेत सगळे त्या पद्धतीला तुझं नाव लावायला लागले. तू मला दोनदा म्हणालास, “ये इकडे, दाखवतो. हाताची गंमत आहे नुसती.” दुसऱ्या वेळी मी म्हणालो, “मला येतं.” तू म्हणालास, “अरे, तुला तर यायलाच पाहिजे.” मी तो टोमणा समजलो आणि दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही.

पण हेव्याचं सगळ्यात मोठं कारण जागा नव्हतं. जर्मनही नव्हतं. ते सांगतो.

रविवारी अकराच्या सुमाराला तू फोन घेऊन हॉस्टेलच्या जिन्यात जायचास, कारण खोलीत आवाज तुटायचा. माझी खोली जिन्याला लागून. दाराखालून तुझा आवाज यायचा. “नाही, आज जरा घट्ट झाला.” “वाळू बारीक आहे इथली, धुतलेली.” “मग पाणी कधी? अच्छा, मुठीत धरून बघू?” मग तू मोठ्यानं हसायचास, पलीकडून काहीतरी बोलणी खाल्ल्यासारखा. अर्धा तास, कधी पाऊण तास. मी आत पुस्तक उघडं ठेवून ऐकत बसायचो. मला वाटायचं, वडील असावेत तर असे. मुलगा कुठे, ते कुठे, आणि दोघं एकाच परातीत हात घालून बोलतायत. मी महिन्यातून एकदा घरी फोन करायचो. अण्णा विचारायचे, “जेवलास का? थंडी लई हाय का?” मी म्हणायचो, हो, जेवलो. आहे थंडी. तेवढ्यावर ते फोन आईकडे द्यायचे.

खरं सांगतो, एका रविवारी मी उठून दार लावून घेतलं होतं. थोडं जोरात. तुला ऐकू गेलं असेल.

आपला शेवटचा वाद अर्धाच राहिला. मी मुद्दाम उकरून काढला होता. तुझ्या नव्या कांड्या दाबात किती टिकतात याचे आकडे आले होते आणि ते बिनतंतूच्या कांड्यांइतकेच होते, एखादा तर कमीच. मी म्हणालो, “एवढं हातानं पसरून काय मिळालं? ताकद होती तेवढीच आहे.”

“ताकदीसाठी घालतच नाहीत रे. तडा गेल्यावर सुटून जाऊ नये म्हणून घालतात.”

“तडा गेला म्हणजे गेला. आणि सिमेंटचा क्षार दहा वर्षांत तुझे केस खाऊन टाकेल.”

“खाईल की नाही ते बघायलाच तर नऊ कांड्या गरम पाण्यात ठेवल्यात. वर्षानं मोडू. तूच मोड. तू जिंकलास तर हेर क्राउझेंसमोर तुला माइस्टर म्हणेन.”

“मला नकोय तुझं माइस्टर,” मी म्हणालो. “तुला काय, थापी शौकाची आहे.”

तू काहीतरी बोलणार होतास. तोंड उघडलं होतंस. मग टोपी घातलीस आणि म्हणालास, “उद्या बोलू.” दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता, आणि तू नेहमीसारखा सायकलनं निघालास. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतरचंही सांगतो, म्हणजे काही लपवायला नको. तुझ्यासाठी जमलेली माणसं बघून मला तेव्हाही हेवा वाटला. हेर क्राउझे कोट घालून आले होते आणि रडत होते. मी गेलो असतो तर इतके आले असते का, हे मी तिथे उभा राहून मोजत होतो. तुझी खोली आवरायचं काम माझ्याकडे आलं. पुस्तकं एका खोक्यात, कपडे एका खोक्यात. प्रयोगशाळेतून तुझ्या खणातल्या वस्तू आणल्या, स्टेपलर, कॅल्क्युलेटर, प्लगचे अडॅप्टर, ती थापी. त्या तिसऱ्या खोक्यात भरल्या, वर चिकटपट्टी लावली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘किरकोळ’. खोकी पुण्याला गेली. घरी मी काहीच कळवलं नाही. मधे एकदा फोन झाला, पण जेवण आणि थंडीच्या पुढे गेला नाही. माझ्या घरचे तुला ओळखतात असं मला वाटतच नव्हतं.

मग मी तुझ्या टेबलावर बसलो आणि तुझ्या वहीप्रमाणे माल करायला घेतला. वहीत प्रमाण होतं, वजनं होती, वेळ होती. हाताचं काहीच लिहिलेलं नव्हतं, एवढंच होतं: ‘नेहमीसारखं हातानं.’ पहिल्या परातीत गोळे. दुसऱ्या परातीत गोळे. तिसऱ्या वेळी हेर क्राउझे शेजारी येऊन उभे राहिले, माल बोटानं विस्कटला आणि काही न बोलता गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. प्राध्यापकांनी सांगितलं, तुझ्या आणि माझ्या कांड्या सारख्या निघाल्या नाहीत तर मालिका तुझ्यापाशीच थांबवावी लागेल, अर्धीच छापावी लागेल. म्हणजे तुझी जागा मी घेतली होती आणि तुझं काम माझ्या हातून मरत होतं.

गेल्या रविवारी मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. अकराचीच वेळ होती. ते मुद्दाम केलं नव्हतं, फोनचं कार्ड रविवारी स्वस्त पडतं. अण्णांना फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला, जसा ते कधीच उचलत नाहीत.

“अण्णा, दत्ता बोलतोय.”

“दत्ता व्हय,” ते म्हणाले. आवाज जरा उतरल्यासारखा वाटला. “जेवलास का?”

“अण्णा, एक इचारायचं हुतं. कामाचं.” आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदा कामाचं विचारत होतो. “गिलावा तडकू नये म्हून त्यात केस टाकत्यात न्हवं, त्ये गोळा हू नयेत म्हणून काय करायचं?”

ते हसले. खरंच हसले. “आरं, मला कशाला इचारतुयास? तुझ्या त्या दोस्ताला इचार की. निरंजनला. सगळं शिकवलंय त्याला म्या.”

ते सांगत राहिले. तू पार्सल घेऊन स्वतः आला होतास. चहा पिऊन निघशील असं त्यांना वाटलं, तर तू त्यांच्या मागं कामावर गेलास. चार दिवस राहिलास, आईच्या हातचं पिठलं खाल्लंस, पॅन्ट दुमडून माल कालवलास. “पैल्या दिशी नुसता चिखल केला बग त्यानं. मग म्हणलं, बाबा, हाताला घाई हाय तुझ्या. कोरडं पसर. पुंजका तळव्यात सोड, बोटात धरू नगंस. गुडघ्यापस्नं वर न्हे नि झटक. पुन्यांदा पालथं कर. समदं कालवून हुस्तवर पाणी जवळ सुदीक आणू नगंस. चौथ्या दिशी असा हात बसला पोराचा! हात लई हलका हाय त्याचा, दत्ता. माझ्या हाताखाली एवढी पोरं गेली, असा हात न्हाई बघितला. माझी जुनी थापी मागून न्हेली त्यानं. वापरतो का?”

“वापरायचा,” मी म्हणालो. त्यांच्या लक्षात आलं नाही.

“तुला सांगू नगा म्हणला हुता. तुला आवडायचं न्हाई म्हणला. पन येक गोष्ट लई चांगली सांगितली त्यानं. म्हणला, दत्ता तिकडं सगळ्यास्नी अभिमानानं सांगतो, माझं वडील गवंडी हायेत म्हणून.” मग म्हणाले, “म्या तुझ्या आईला पन सांगितलं त्ये.”

काल माझी पहिली परात गोळ्यांशिवाय उतरली, निरंजन. पुंजका तळव्यात सोडला, बोटात धरला नाही. हेर क्राउझेंनी विस्कटून बघितलं आणि परात माझ्याकडे ढकलली, म्हणजे ओत आता. पण अण्णांनी हे मला सांगितलं ते तुला शिकवताना त्यांना सापडलेल्या शब्दांत. ‘असा हात न्हाई बघितला’ हे तुझ्याबद्दल. तो हेवा माझा जाणार नाही. मी प्रयत्नही करणार नाही. काकू, तिसऱ्या खोक्यात एक थापी आहे. ती परत मागायला मला तोंड नाही. फक्त ती टाकून देऊ नका.

त्या दिवशी जिन्यात अण्णा अजून तुझ्या हाताबद्दलच सांगत होते. कार्डवरची रेकॉर्ड केलेली बाई मधेच दोन मिनिटं उरली म्हणून सांगून गेली. मग मी अण्णांना सांगितलं. थोडक्यात सांगितलं, सायकल, बर्फ, जानेवारी. तू आता नाहीस.

पलीकडे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी म्हणालो, “अण्णा?”

“दर ऐतवारी ह्या टायमाला फोन करायचा त्यो,” अण्णा म्हणाले. “सा ऐतवार झालं, आला न्हाई. मला वाटलं, माझंच काय बोलाय चुकलं.”